साल कुणाची, माती कुणाची

कॉफीचा धंदा हा बराचसा टाकून देण्याचा धंदा आहे. झाडावरून १०० किलो पिकलेली लाल फळं खुडली, तर बाजारात जाण्याजोगा कच्चा दाणा निघतो १८ ते २० किलो. ४० किलोंच्या वर तर नुसती साल आणि गर, तो पहिल्याच यंत्रात बाजूला पडतो. मग दाण्यावरचा बुळबुळीत थर धुतला जातो, पाणी वाळतं, टरफल निघतं, भाजताना उरलासुरला पापुद्रा उडून जातो. एवढ्या खटाटोपातून कपात काय उतरतं, तर त्या भाजलेल्या पुडीचा साधारण पाचवा हिस्सा. बाकीचा चोथा पुन्हा कचऱ्याच्या डब्यात.

इंदूरसारख्या चहा-पोह्यांच्या गावात राहून हा हिशेब मला ठाऊक असायचं काही कारण नव्हतं. कारण ठरला माझा भाचा. चांगली नोकरी सोडून त्याने विजयनगर भागात कॉफी भाजायचं छोटं यंत्र टाकलं, पुढे चार टेबलं मांडली, आणि तेव्हापासून माझ्याकडे जेवायला आला की कॉफीशिवाय दुसरं बोलत नाही. त्याच्या वडिलांना, म्हणजे आमच्या दादाला, ही सगळी थेरं वाटतात. दादाची देपालपूरकडे शेती आहे. पावसाळ्यात सोयाबीन, मग गहू, थोडा लसूण. आपल्या मुलाने दुसऱ्याच्या मुलखातलं पीक भाजून विकावं, हे त्याच्या अजून गळी उतरलेलं नाही.

एका रविवारी जेवता जेवता भाच्याने नवा बेत सांगितला.

"आत्या, तिकडे चिकमगळूर, कोडगूला सालीचे ढीगच्या ढीग पडतात. लोक वैतागलेत. आपण ट्रकने इकडे आणू, गांडुळं सोडू, छानपैकी पिशव्या भरू. इंदुरात गच्चीवर कुंड्या नाहीत असं एक घर दाखव मला. 'कॉफीचं खत' म्हटलं की हातोहात जाईल."

"आणि दादाच्या शेताला?"

"बाबांना फुकट."

मी जन्मभर कॉलेजात रसायनशास्त्र शिकवलं. कुणी फुकट म्हटलं की त्यात पाणी किती, हे आधी विचारायची सवय हाडात मुरलेली. कॉफीच्या ताज्या साल-गरात पाऊण हिश्श्याहून जास्त पाणी असतं. म्हणजे दहा टनांचा ट्रक भरला तर साडेसात-आठ टन पाणीच भरलं, आणि ते हजाराहून जास्त किलोमीटर वाहून न्यायचं, तेही वाटेत आंबत असताना. हे मी बोलून दाखवलं तर म्हणाला, "तू आधी चल तर, बघ, मग बोल." त्याला माल घेण्यासाठी जायचंच होतं. जानेवारीत, कॉफीच्या दोन जातींपैकी अरेबिकाची तोडणी संपत आलेली आणि रोबस्टाची जोरात चाललेली, अशा दिवसांत आम्ही कोडगूला गेलो.

मळ्याचे मालक एक वयस्कर कोडवा गृहस्थ. त्यांनी आम्हाला आधी दाणा दाखवला नाही, सालीचा ढीग दाखवला. पल्परच्या, म्हणजे साल काढायच्या यंत्राच्या, खोलीच्या मागे उतारावर तो होता. वरून काळपट तपकिरी, कडेला आजच पडलेला थर अजून लालभडक. जवळ गेलं की चिलटांचा ढग उठायचा. वास नुसता घाणेरडा म्हणावा तर तसाही नाही. रसवंतीच्या मागे दुपारपर्यंत पडून राहिलेल्या चोयट्यांना येतो तसा गोड-आंबूस, पण घशाशी लागणारा. मालकांनी हातातली काठी ढिगात खुपसली आणि बाहेर काढून माझ्या तळहाताला टेकवली. चटका बसण्याइतकी गरम. ढिगाच्या पायथ्याशी तांबूस-काळा रस पाझरून एक ओघळ झाला होता, आणि त्या ओघळाच्या वाटेवर गवताचं एक पातं उभं नव्हतं.

तो ओघळ मी बराच वेळ बघत बसले, कारण सगळी गोष्ट तिथेच होती. गरात साखर आणि पेक्टिन भरपूर. ते आंबलं की आम्लं तयार होतात. शिवाय टॅनिन आणि थोडं कॅफीन. वाळवलेल्या सालीत ते एक टक्क्याच्या आसपास असतं. झाडाने कॅफीन काही आपल्या सकाळच्या तरतरीसाठी बनवलेलं नाही. किडे दूर राहावेत आणि खाली पडलेल्या बियांशेजारी दुसऱ्या कुणी उगवू नये, यातही त्याचा हात असतो. म्हणून ताजी साल थेट रोपांच्या बुडाशी घातली, तर रोपं पोसण्याऐवजी खुरटतात. हाच रस ओढ्यात उतरला, तर तो कुजताना पाण्यातला प्राणवायू खेचून घेतो आणि मासे मरतात. कॉफीच्या मुलखात ओले कारखाने, म्हणजे पाणी वापरून फळाची साल-गर काढणारे, आणि ओढे यांचं जुनं वैर आहे ते यामुळे.

पण त्याच सालीत पालाश (पोटॅश) रग्गड. नत्र (नायट्रोजन) कोरड्या वजनाच्या दीड-दोन टक्के, स्फुरद (फॉस्फरस) मात्र नावापुरता. जमिनीतून झाडाने जो पालाश फळात आणला, त्यातला मोठा वाटा दाण्यात न जाता सालीत राहतो. ती साल मळ्यातून बाहेर गेली की मळा तेवढा गरीब झाला. कोडगूच्या मातीला हा तोटा सोसणारा नाही. तिथे पाऊस धो धो, उतार तीव्र, माती तांबडी आणि आम्लधर्मी. पालाश पाण्याबरोबर निघून जायला वेळ लागत नाही.

मालक ती साल कशी वापरतात ते त्यांनी आम्हाला फिरवून दाखवलं. ओल्या सालीचा एक थर, मग सावलीसाठी लावलेल्या पांगाऱ्याची छाटलेली पानं आणि सिल्व्हर ओकचा वाळका पाला, त्यावर शेणकाला, मधूनमधून चुना आणि रॉक फॉस्फेटची भुकटी. चुन्याने आम्ल मरतं, रॉक फॉस्फेटने स्फुरदाची उणीव भरून निघते. ढीग छातीएवढा झाला की थांबायचं आणि काही आठवड्यांच्या अंतराने उलथा करायचा, आतलं बाहेर, बाहेरचं आत. पहिल्या उलथ्यानंतर वास जातो. तीन-चार महिन्यांत साल कुठली आणि पाला कुठला हे ओळखू येत नाही. कॅफीन आणि टॅनिनचाही निकाल ढिगातले जिवाणू आणि बुरशा लावतात. गांडुळं सोडायची तर ढीग थंड झाल्यावरच. आधी सोडली तर उकडून मरतात. पावसाच्या पहिल्या सरींनंतर हे खत झाडाच्या बुंध्यापासून थोडं लांब, पसरलेल्या फांद्यांखाली घालतात. त्यांची अडचण एकच, शेण. मळ्यावर गुरं फारशी नाहीत, ते बाहेरून विकत आणावं लागतं.

मग त्यांनी विचारलं, तुम्ही मूळच्या कुठल्या. इंदूरची म्हटल्यावर ते हसले आणि हिंदीत म्हणाले, "मग मी तुम्हाला काय शिकवणार? ही रीत तर तुमच्याच गावची."

भाच्याने माझ्याकडे पाहिलं. त्याला वाटलं गंमत करताहेत. त्याच्या पिढीला इंदूर म्हणजे सराफा, पोहे-जिलबी आणि स्वच्छतेतला पहिला नंबर. पण मालक बरोबर बोलत होते. जगभरच्या शेतीच्या पुस्तकांत 'इंदूर पद्धत' या नावाने जी कंपोस्टची रीत शिकवतात, ती आमच्याच गावातली, आणि ती जिथे जन्मली ती जागा आजही आहे. कृषी महाविद्यालयाच्या त्या आवारावरून मी वर्षानुवर्षं रिक्षाने गेले आहे.

१९२४ साली तिथे 'इन्स्टिट्यूट ऑफ प्लांट इंडस्ट्री' उभी राहिली. जमीन दिली होळकर दरबाराने, पैशांचा मोठा वाटा कापसाच्या केंद्रीय समितीचा आणि मध्य भारतातल्या संस्थानांचा. संचालक होते अल्बर्ट हॉवर्ड. १९०५ पासून ते बिहारात पुशाला सरकारी वनस्पतिशास्त्रज्ञ होते. पत्नी गॅब्रिएल याही तितक्याच तोलाच्या वनस्पतिशास्त्रज्ञ. दोघांनी मिळून गव्हाच्या जातींवर काम केलं, मुळांवर केलं. काम कापसावर करायचं म्हणून संस्था निघाली, पण हॉवर्डना लवकरच दिसलं की कापसाची जात कितीही सुधारा, खालच्या मातीत कस नसेल तर उपयोग नाही. आणि शेण तर घरोघर गोवऱ्या थापून चुलीत जातं. मग खतासाठी उरतं काय? कापसाच्या पऱ्हाट्या, तुरीच्या तुऱ्हाट्या, उसाचं पाचट, तण, पालापाचोळा. सगळं कडक, कोरडं, सहजी न कुजणारं.

त्यावर त्यांनी काढलेली युक्ती मला फार आवडते. पऱ्हाट्या फोडायला यंत्र आणायचं नाही. त्या शेतातल्या गाडीवाटेवर पसरायच्या, येणाऱ्या-जाणाऱ्या बैलगाड्यांची चाकं त्यांचा चुरा करतात. तो चुरा गोठ्यात बैलांखाली अंथरायचा, रात्रभर मूत्र आणि शेण त्यात मुरतं. गोठ्याची जमीन मातीचीच ठेवायची आणि मूत्र पिऊन काळी झालेली ती माती खणून काढून ढिगात मिसळायची. चुलीतली राख घालायची, म्हणजे आम्लता वाढत नाही. खड्डे ३० फूट लांब आणि १४ फूट रुंद, पण काठोकाठ भरायचे नाहीत. थोडी जागा मोकळी, म्हणजे उलथा करताना माल सरकवता येतो. ओल हवी पण चिखल नको. मधूनमधून उलथा, आणि साधारण तीन महिन्यांत खत तयार. यात एकही वस्तू विकतची नाही.

१९३१ साली या प्रयोगांवर 'द वेस्ट प्रॉडक्ट्स ऑफ ॲग्रिकल्चर' हे पुस्तक निघालं. त्यावर नावं दोन आहेत: अल्बर्ट हॉवर्ड आणि यशवंत वाड. वाड संस्थेत रसायनाची बाजू सांभाळत. आडनाव ऐकूनच ते आपल्यातले वाटतात. पण इंदुरातल्या मराठी मंडळांच्या सत्काराच्या हारतुऱ्यांत त्यांचं नाव कधी माझ्या कानावर आलेलं नाही, हे मला खटकतं. कर्ब (कार्बन) आणि नत्राचं प्रमाण मोजत कुणीतरी परीक्षानळ्या हलवल्या असतील ना? बाहेरच्या जगाला हॉवर्ड ठाऊक आहेत, गावाला दोघंही नाहीत. १९३५ साली हिंदी साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदासाठी गांधीजी इंदुरात आले, तेव्हा ते ही खताची रीत बघायला मुद्दाम त्या संस्थेत गेले होते. तोवर हॉवर्ड इंग्लंडला परतले होते. गॅब्रिएल तर १९३० मध्येच गेल्या.

आणि कॉफीचा धागा इथेच जुळतो. ही रीत भारताबाहेर गेली तेव्हा मळेवाल्यांत ती आधी उचलली कॉफीवाल्यांनी. आफ्रिकेतली सुरुवात झाली केन्यात, नैरोबीपासून काही मैलांवरच्या किंगाटोरी या कॉफीच्या मळ्यावर, १९३३ साली. मळेवाल्यांना ती पटायचं कारण उघड आहे. त्यांच्या दारात सालीचा डोंगर असतोच, पाला असतोच. हवा असतो तो शेणाचा आणि उलथ्याचा क्रम.

कोडगूहून बंगळूर जवळ, मग 'बंगलोर पद्धत' का नाही, असं भाच्याने परतीच्या गाडीत विचारलं. प्रश्न चांगला होता. ती पद्धत १९३९ साली डॉ. आचार्य यांनी शहरी कचरा आणि मैल्यासाठी बसवली. थर लावायचे, वरून मातीने लिंपून टाकायचे आणि सहा-आठ महिने हात लावायचा नाही. मजुरी वाचते, माश्या होत नाहीत. पण कॉफीची साल मुळात चिंब ओली आणि साखरेने भरलेली. तिला असं कोंडून ठेवलं तर ती कुजण्याऐवजी आंबत बसते. तिला हवाच लागते. दुसऱ्या टोकाला आपले पुसदचे नाडेपकाका, नारायण देवराव पांढरीपांडे. त्यांचं विटांचं भोकाभोकांचं टाकं हवा आपोआप खेळवतं, आणि थोड्या शेणात पुष्कळ काडीकचरा कुजवतं. मध्य प्रदेशात ती टाकी सरकारी योजनेतून गावोगाव बांधली गेली. दादाच्या शेतावरही एक आहे. त्यात सध्या शेजाऱ्याच्या कोंबड्या राहतात.

तर, साल इंदूरला आणायची का? माझं उत्तर कोडगूला जाण्याआधीही नाही होतं, पण आल्यावर कारण बदललं. आधी मी फक्त पाण्याचं वजन मोजत होते. आता मातीचं मोजलं.

आपली माळव्याची काळी माती बसाल्टची लेक. उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा, पावसाळ्यात पाय उचलू देत नाही असा चिकटा. तिचा सामू (पीएच) साडेसात-आठच्या घरात, म्हणजे कोडगूच्या अगदी उलट. आणि पालाश तिच्यात बहुतेक ठिकाणी मुळातच ठीकठाक असतो. दादाच्या मृदा पत्रिकेत पालाशासमोर 'जास्त' लिहिलंय, सेंद्रिय कर्बासमोर 'कमी', आणि गंधक-जस्त यांचीही बोंब आहे. म्हणजे कॉफीच्या सालीतली जी खरी दौलत, ती आमच्याकडे आधीच आहे. आणि जिच्याकडे ती टिकत नाही त्या मातीतून ती उचलून आणायचा हा बेत. कोडगूची माती लुटायची आणि इंदुरात कुंड्यांना गोंडस पिशवीतून विकायची. वर नाव 'सेंद्रिय'.

भाचा सहजी हार मानणाऱ्यातला नाही. त्याने मोबाइलवर कोस्टारिकाचा प्रयोग काढून दाखवला. तिथे कॉफीच्या मुलखातल्या एका निकामी झालेल्या कुरणावर, साधारण ३५ बाय ४० मीटरच्या तुकड्यावर, ३० ट्रक साल ओतून अर्धा मीटर जाडीचा थर केला. काही कुजवणं नाही, उलथा नाही. दोन वर्षांनी तिथे ८० टक्के जागेवर कोवळ्या झाडांचं छत्र होतं, शेजारच्या मोकळ्या सोडलेल्या तुकड्यावर २० टक्के. हा अभ्यास २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. "बघ, नुसती ओतली!"

प्रयोग खरा आहे आणि सुंदर आहे. पण त्यात नेमकं घडलं काय? कुरणावर परदेशी गवताने असा कब्जा केला होता की झाडाचं बी रुजायला जागाच नव्हती. सालीच्या जाड थराने ते गवत गुदमरून, उकडून मेलं. मग साल कुजली, माती सुपीक झाली, आणि जवळच्या जंगलातून वारा आणि पाखरं बिया घेऊन आली. जी गोष्ट रोपाला मारते, तीच तिथे कामाची ठरली, कारण त्या तुकड्यात कुणाला काही पेरायचं नव्हतं. शिवाय साल जवळच्याच कारखान्यांतली. कोडगूतला पडीक उतार असेल तर जरूर करून बघावं, ओढा लांब आहे ना हे पाहून. दादा सोयाबीनच्या वावरात अर्धा मीटर थर घालू देईल का, हे भाच्याने स्वतःच विचारून पाहावं.

वाळलेलं टरफल आणता येईल, असं तो मग म्हणाला. फळ सालीसकट उन्हात वाळवून मग भरडतात, त्याची ती कोरडी साल हलकी असते, कुजकी नसते. खरं आहे. पण तिला तिकडेच भट्ट्यांत जळण म्हणून गिऱ्हाईक आहे, आणि जाळली तरी पालाश राखेत उरतो, ती राख मळ्यात जाऊ शकते. आपल्याला त्यात लुडबूड करायचं कारण नाही.

मग इंदुरात आपल्या हाताशी काय राहतं? दोन गोष्टी: भाजताना उडणारा पापुद्रा आणि गाळलेला चोथा.

पापुद्रा मी आधी कधी पाहिला नव्हता. भाच्याच्या यंत्राला मागे एक पत्र्याचं पिंप जोडलेलं आहे, त्यात तो साठतो. झाकण उघडलं तर आत सोनेरी-तपकिरी, कांद्याच्या सालीहून पातळ, बोटांत धरला की भुगा होणारा कचरा. पंखा चालू असेल तर अर्धा दुकानभर. वजनाला नगण्य, पण नत्र त्यात अडीच-तीन टक्के, चोथ्याहून जास्त. पाणी मात्र तो लवकर धरत नाही, वर तरंगतो. म्हणून आधी भिजवून मगच ढिगात घालावा. मी तो माझ्या कंपोस्टच्या माठात शेणकाल्यात कालवून घालते. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी तो कुठे गेला ते शोधावं लागतं.

चोथ्याचं मात्र जरा सविस्तर सांगायला हवं, कारण गच्चीवरच्या बागांमध्ये त्याच्याविषयी श्रद्धा फार. 'कॉफी आम्लधर्मी, गुलाबाला घाला, जास्वंदीला घाला.' आम्ल पाण्याबरोबर कपात उतरतं. गाळून उरलेला चोथा बराचसा उदासीनच असतो, सामू साडेसहाच्या आसपास. आमच्या काळ्या मातीचा सामू तो खाली आणेल ही आशा सोडावी. नत्र साधारण दोन टक्के, पण ते बांधलेलं. कुजल्याशिवाय मुळांना मिळत नाही. माझ्या शेजारणीने कुंडीत वरून जाडसर थर दिला होता. एप्रिलच्या उन्हात त्याची पापडी झाली. मी सुरीच्या टोकाने ती उचलली तर खालची माती भुरभुरीत कोरडी, आणि रोज घातलेलं पाणी कुंडीच्या कडेकडेने खाली निघून गेलेलं. चोथा बारीक असतो, दाबून बसतो, एकदा वाळला की पाणी झिडकारतो. ताज्या चोथ्यात बी पेरलं तर उगवणही रोडावते. तो वाईट नाही, फक्त कच्चा आहे. ढिगाच्या पाचव्या हिश्श्यापर्यंत घालावा, बाकी वाळका पाला, काडी, नारळाच्या शेंड्या, आणि थोडी जुनी माती. माठात चोथ्याच्या ढेकळावर पांढरी बुरशी धरते, जाळीसारखी, फोडली की वाफ येते. ती दिसली की काम सुरू झालं म्हणून समजावं. ती बघून माठ रिकामा करणाऱ्या बायका मला माहीत आहेत.

तसं पाहिलं तर इंदुरात चोथा वाया जातोच असंही नाही. ओला-सुका वेगळा केला की ओला देवगुराडियाच्या गोबरधन संयंत्रात जातो. दिवसाला ५५० टन ओल्या कचऱ्यापासून गॅस करायची त्याची क्षमता; २०२२ पासून ते चालू आहे, शहर बसही त्या गॅसवर धावतात, आणि उरतं त्याचं खत होतं. त्यामुळे 'आपण कॉफीचा कचरा वाचवतो' असं पाटीवर लिहायचं भाच्याच्या मनात होतं, ते मी खोडायला लावलं. कचऱ्याची पिवळी गाडी रोज दारात येतेच.

राहिला दादा. चोथा शेतावर न्यायचा म्हणून भाचा हटून बसला, तेव्हा मी कागद-पेन्सिल घेतली. माळव्यात गहू निघाला की हार्वेस्टरमागे उभी राहते ती नरवाई, म्हणजे शेतात उरलेली गव्हाची खुंटं आणि काड. एप्रिलमध्ये ती पेटवतात, रात्री रस्त्याने जाताना दोन्हीकडे आगीच्या रेघा दिसतात. दादा पेटवत नाही, पण तिचं करायचं काय हा त्याचा दरवर्षीचा वैताग. समजा, एका हेक्टरमागे ३ टन काड. त्यात कर्ब ४० टक्के म्हणजे १२०० किलो, नत्र अर्धा टक्का म्हणजे १५ किलो. प्रमाण ८० ला १. ढीग नीट कुजायचा तर ते ३० ला १ च्या आसपास हवं. आता त्यात चोथा घालून ते खाली आणायचं, तर चोथ्यातही कर्ब निम्मा आणि नत्र दोनच टक्के. त्याचं स्वतःचंच प्रमाण २५ ला १. गणित सोडवलं तर ३ टन काडासाठी साडेसात टन कोरडा चोथा लागतो. ओला म्हणाल तर त्याच्या दुप्पट. भाच्याच्या दुकानातून निघतो दिवसाला बादली-दोन बादल्या.

हे गणित मांडताना मला हॉवर्ड-वाडांच्या त्या काळ्या मातीचा अर्थ नव्याने लागला. नत्र खरं भरपूर आहे ते मूत्रात. शेणाचं प्रमाणसुद्धा चोथ्यासारखंच, कामचलाऊ. जोर सगळा मूत्राचा. म्हणून तर ते गोठ्याची जमीन मातीची ठेवा म्हणत. दादाच्या गोठ्यात दोन म्हशी आणि एक गाय. बैल जाऊन ट्रॅक्टर आला त्याला जमाना झाला. गोठा सिमेंटचा आहे, स्वच्छ, रोज पाइपने धुतात. धुतलेलं सगळं मागच्या नालीतून वाहत नाल्याला मिळतं. मी गेल्या खेपेला त्या नालीच्या कडेने चालत गेले. गोठ्यापासून पहिली वीस-पंचवीस पावलं दोन्ही काठांना गवत गुडघ्याच्या वर, गडद हिरवं, बाकीच्या बांधावर उन्हाने पिवळं पडलेलं. मी दादाला बोट करून दाखवलं. तो म्हणाला, "अगं, ते तर म्हशी खातात."

तिथेच उभं राहून तिघांचं बोलणं झालं. नालीचं तोंड वळवून ती काडाच्या खड्ड्यावर सोडायची. गोठ्यात रात्री नरवाईचं काड आणि सोयाबीनचा भुसा अंथरायचा. चोथा आणि पापुद्रा येईल तेवढा येऊ दे, लसणाच्या सालीबरोबर वरून पडेल. दादाच्या अटी: चोथ्यात कागदी कप आणि दुधाच्या पिशव्या सापडल्या तर तो मुलाच्या दुकानात आणून ओतेल, उलथे करायला मजूर मुलाने आपल्या खर्चाने लावायचे, कारण कल्पना त्याची, आणि नाडेपच्या टाक्यातल्या कोंबड्यांबद्दल शेजाऱ्याशी बोलायचं ते आत्याने. भाचा मजुरीवर अडला. त्याचं म्हणणं, खत बाबांच्या शेतात जाणार तर निम्मी मजुरी बाबांची. दादा म्हणाला, आधी खत होऊ दे, मग बघू. सोयाबीन काढणीपर्यंत हे मिटायला हवं, कारण त्यानंतर मजूर मिळत नाहीत, सगळे बटाट्याच्या लावणीला गेलेले असतात.